सात अंश

कॉटन मार्केटात कोबीचा टेम्पो रिकामा झाला
तसं बॉनेटखाली मांजर शिरलं.
इंजिन अजून कोमट होतं.

चहावाल्या मेश्रामने शेगडी झाडली;
त्या राखेत कुत्री
शेपटीखाली नाक घालून
चुंबळीसारखी बसली.

पाल मात्र दिसेना.
महिना झाला, मीटरच्या डब्यामागे
एकेक श्वास
पै-पै मोजून खर्चते आहे.

"फुटाळ्यावर बदकं उतरली म्हणे,
बर्फाकडची," मी म्हटलं.
"इथं ऊब शोधत आलीत."
मेश्राम हात चोळत हसला,
"नागपूरच्या थंडीत ऊब! कोणाले काय, बाप्पा."

ड्रायव्हर आला. मफलर घट्ट केला.
किल्ली फिरवण्याआधी
बॉनेटवर दोनदा थाप मारली
आणि विडी संपेपर्यंत
थांबला.