दोन इंच वर

लोक अशा गाड्या खाली आणतात,
रस्त्याला पोट टेकेल इतक्या.
मी माझी दोन इंच वर उचलून घेतली,
कारण धोपाव्याची जेटी.
ओहोटीला फेरीबोटीचा रॅम्प असा तिरका पडतो
की पहिल्याच दिवशी सायलेन्सर घासून ठिणग्या उडाल्या
आणि बर्फाच्या टेम्पोतला पोरगा ओरडला,
"डॉक्टरीणबाई, दिवाळीला चार महिने आहेत अजून!"

अठ्ठ्याण्णवची मर्सिडीज.
चिपळूणच्या एका ठेकेदाराच्या पोफळीत उभी होती,
टपावर शेवाळ, मागच्या सीटखाली उंदरांचा संसार.
दवाखान्यातल्या खुर्चीपेक्षा स्वस्त पडली.
दाभोळला आठवड्यातून पाच दिवस जायचं, यायचं,
मधे खाडी.
श्रीरंग म्हणाला, हत्ती घेतलास, आता माहूत शोध.

माहूत वेलदूरला होता.
सलाउद्दीन होडेकर, अठरा वर्षं कुवेतला
याच गाड्यांच्या पोटाखाली निजलेला,
आता ट्रॉलरची इंजिनं खोलणारा.
त्याने बॉनेट उघडलं, काही बोलला नाही.
आधी हात पुसले,
मग लावले.

दरवाजांच्या तळाशी गंज होता.
मी म्हटलं, वरून रंग मारून टाक.
"तुम्ही किडीवर तशीच चांदी भरता काय?"
यावर मला बोलायला जागा नव्हती.
चार रविवार माझ्याच जुन्या हत्यारांनी
आम्ही कानेकोपरे खरवडत बसलो,
तांबडा भुगा मांडीवर,
चांगला पत्रा लागेपर्यंत. काही ठिकाणी तो लागलाच नाही.

मग एकेक करत ती इथली होत गेली.
स्प्रिंगाखाली त्याने कातून घेतलेल्या चकत्या.
पाण्याचा पाइप बोटीचा, त्यावरचा चिमटाही.
डॅशबोर्डचं अक्रोडी लाकूड पापुद्र्यांनी सुटलं,
तिथे अंजनवेलच्या सुताराने फणसाचं बसवलं:
तेव्हा हळदीसारखं पिवळं,
आता तांबूस होत चाललंय, माझ्या नकळत.
बॉनेटवरचा तारा गणपतीच्या गर्दीत कुणी उपटला.
भोक राहिलं, पाणी आत जायला लागलं,
ते मी कवळीच्या मसाल्याने बुजवलं.
हिरडीचा गुलाबी रंग. जवळून पाहिलं तरच कळतो.
लोक जवळून पाहतात.

दिवसभर खारं वारं. रात्री नऊनंतर
पाइप सरकवून तिच्या पोटाला विहिरीचं गोडं पाणी मारायचं,
एकेका चाकाला शंभर आकडे मोजून.
शेजारच्या सुलूवहिनी म्हणतात,
माझी म्हैस तुझ्याकडे दे आठ दिवस.

श्रीरंगने एकदा वही काढून बेरीज केली.
एवढ्यात नवी आली असती, हप्त्यांशिवाय.
बेरीज बरोबर होती. मी दोनदा तपासली.
वही आता दुसऱ्या खणात असते.

एकच राहिलंय. डावीकडून, मागून,
टक्.
खड्ड्यात येत नाही, वळणावर येत नाही.
बुश बदलले, पुण्याहून मागवून, अकरा दिवस थांबून.
डिकीतली जॅकची पेटी काढली, हापूसच्या पेट्या काढल्या,
सलाउद्दीन स्वतः डिकीत पडून राहिला, झाकण लावून,
गुहागरपर्यंत.
बाहेर आला तेव्हा घामाने भिजलेला, म्हणाला,
"आता आला नाय."

काल भरतीच्या फेरीला आम्ही पुढच्या रांगेत होतो.
इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला,
पेंगत होते मी, पलीकडे दाभोळचे दिवे.
लाट आली, बोट कलली,
आणि टक्.
पुन्हा कलली. टक्.
रस्त्याचा नव्हताच तो आवाज.
गाडी जागची हलत नव्हती,
चाकं थंड होती,
आणि आम्ही चाललो होतो.

सलाउद्दीनला अजून सांगितलं नाही.
शनिवारी तो पुन्हा डिकीत झोपायचं म्हणतोय.