सतरा नंबर

अल ऐनच्या तळघरात उंदरांचे पिंजरे.
सतरा नंबरचा धागा आम्ही मार्चमध्ये तोडला,
डोळ्यांकडून घड्याळाकडे जाणारा.
घड्याळ कसलं! तांदळाची कणीसुद्धा मोठी.

आता दिवा डोळ्यापर्यंत पोचतो,
कणीपर्यंत नाही.
तरी चाक फिरतंच,
रोज अकरा मिनिटं आधी.
सरकत सरकत त्याची रात्र
परवा आमच्या जेवणाच्या सुट्टीवर आली.
हुदा म्हणाली, बघ, भर दुपारी धावतोय,
आणि खजुराची बी
कागदात गुंडाळून ठेवली.

खोलीतला बाशीर रात्रपाळीचा,
म्हणून खिडकीला फॉइल.
सहा वर्षं त्या काळोखात
साडेचारला माझे डोळे उघडतात.
कणकवलीत सहा.
अण्णा पंपाचं बटण दाबणार.

पंप विकून दोन वर्षं झाली.
कणीला अजून कुणी कळवलेलं नाही.