नावे

कुटाईसीत, रिओनीच्या पुलाखालच्या गल्लीत
नाझिब्रोलाची भट्टी आहे.
हिशोबाची वही म्हणजे पिठाच्या गोणीचे कागद,
दाभणाने शिवलेले,
पानापानावर पिठाळ अंगठा.

कर-कचेरीचं पत्र आल्यापासून
मी दर शनिवारी जातो.
ती स्टूल पुढे सरकवते, हातावर एक गरम शोती ठेवते,
दोन्ही टोकं निमुळती, होडीसारखी,
आणि म्हणते, वाच. तुला काय दिसतं ते सांग.

दिसतं ते असं :
गुगुली, तीन पाव, पेन्शन आल्यावर.
शाळेचा शिपाई, दोन.
लाल मफलरवाला, एक, पुन्हा फिरकला नाही.
वरच्या मजल्यावरची, जिचा मुलगा पोलंडला गेलाय, पाच,
आणि पुढे एक फुली,
जिचा अर्थ फक्त नाझिब्रोलाला ठाऊक.

मी पानाच्या मधोमध उभी रेघ मारतो.
इकडे जमा, तिकडे नावे.
आलं ते डावीकडे, गेलं ते उजवीकडे,
दिवस संपताना गल्ल्यात उरलेली शिल्लक
वहीतल्या शिलकीशी जुळली पाहिजे.
आणि नाही जुळली तर?
तर आपण काहीतरी विसरलो.
ती भट्टीत वाकून एक पाव आकड्याने ओढते,
म्हणते, गुगुलीच्या नावे पैसे मांडायचे
म्हणजे तिला नावं ठेवल्यासारखंच की.

नाही जुळत.
पिठावरून निघायला हवेत तेवढे पाव,
वजा विकलेले, वजा उधार, वजा करपलेले :
आठवड्याला आठ पाव कुठे जातात कळत नाही.
मी बेरीज खालून वर करून पाहिली,
हातचा एक दोनदा धरला का तेही पाहिलं.
आठच.

पहाटे तू काय खातेस? मी विचारलं.
पहिल्या घाण्यातला पहिला पाव, मीठ लावून.
रोज?
रोज. तो नीट भाजला की पुढचे भाजतात.
मग सात तुझे, ते तुझ्या नावे लिहायचे.
तिने आकडा भिंतीला टेकवला.
माझ्या भट्टीत, माझ्या हातचा पाव,
आणि मी उधार?

मी समजावतो :
वहीपुरती भट्टी वेगळी, तू वेगळी.
भट्टी म्हणजे एक परकी बाई समज,
तिचं तू घेतलंस तर ती तुझी उचल,
आणि तिच्यासाठी तू राबलीस तर
ती तुझं देणं लागते.

हे शेवटचं वाक्य मी उगाच बोललो.

ती स्टुलावर बसली. मी उभा राहिलो.
किती वर्षं झाली, तिने बोटांवर मोजलं,
अकरा, आणि वर एक हिवाळा.
पहाटे चारला विस्तव,
वाकून वाकून भाजलेला उजवा दंड,
हे कुठल्या पानावर लिहिलंय?
मी सगळी पानं चाळली.
सरपण होतं, यीस्ट होतं, विजेचं बिल होतं,
दोन वर्षांपूर्वी फुटलेल्या काचेचे अठरा लारी होते.
मजुरी नव्हती.

तिला हसू आलं, खोकल्यासारखं.
म्हणजे ही परकी बाई मला बुडवून बसली की रे!
म्हटलं, इतकं जुनं येणं
लोक बुडीत खात्यात टाकतात.

टाकू नकोस, ती म्हणाली.
येणे लिही. फेडेल, नाही फेडेल.
उभं असू दे.

मी लिहिलं. रकमेची जागा मोकळी सोडली,
दर काय लावावा कळेना.

मग ती माझ्या बाहीकडे पाहू लागली.
बाहीवर पावाचे कण होते.
सात माझे झाले, ती म्हणाली,
आठवा?

पेन्सिल तिने माझ्या हातातून घेतली
आणि लाल मफलरवाल्याच्या खाली,
अक्षर अक्षर दाबत,
माझं नाव लिहिलं.
पुढे फुली मारली.