फेरी चुकेल

नववी ब मध्ये आम्ही अडतीस.
हसवणारा एक, आदिश. हसणारे सहा.
एक कृष्णनाथ.
उरलेले तीस जण त्या वेळी
दप्तरात काहीतरी शोधत असायचे.

मी त्यात तरबेज होतो.
कंपासपेटी उघडायची, मिटायची,
करकटकाचं टोक बोटावर तपासायचं,
वहीच्या मागच्या पानावर उगाच एक बेरीज मांडायची.
कानांना झाकण नसतं, एवढीच अडचण.

शाळा सुटली की जिन्याखाली, टाकीपाशी
त्याला कंडक्टर करायचे.
“म्हण. पणजी, पणजी, पणजी! फुडें वच रे, फुडें!”
ओठ मिटलेले, मानेची शीर ताठ,
‘प’वर त्याची जीभ
ओहोटीच्या चिखलात रुतलेली होडी,
आणि पणजी काही येत नसे,
रायबंदरपासून इतकी जवळ असून.

एकदा ज्योएलने ते मोबाइलवर घेतलं.
रात्री वर्गाच्या ग्रुपवर आलं, सव्वीस सेकंद.
मी जेवता जेवता बघितलं
आणि एक तोंड टाकलं,
डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसणारं.
आधी चौदा जणांनी टाकलं होतं.
पंधरावं कोण मोजतं?

मी शूर वगैरे झालो नाही.
आदिश माझ्याहून वीतभर उंच,
आणि भाषण तर माझ्यापाशी नव्हतंच.
एका गुरुवारी टाकीपाशी पाय थांबले
आणि तोंडातून तेच आलं
जे मी रोज धाकट्या बहिणीला ओरडून सांगतो:
“कृष्णनाथ, चल. फेरी चुकेल.”

सगळे माझ्याकडे वळले.
आदिशही.
खेळ असा मध्येच कुणी कधी तोडला नव्हता,
पुढे काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं.
मलाही.
कृष्णनाथने दप्तर उचललं.

जेटीपर्यंत आम्ही बोललो नाही.
फेरीला माणसांचं तिकीट नसतं.
फळी वर गेली, साखळ्या करकरल्या,
मांडवी खालून घुसळत राहिली,
चोडणची कांदळं हळूहळू मोठी झाली.
मध्यावर तो म्हणाला,
“मी तर म… म… मेरशीला राहतो.”
“माहीत आहे.”
मग बऱ्याच वेळाने,
‘प’वरसुद्धा न अडखळता:
“तू पण हसला होतास. पंधरावा.”

यावर ‘हो’ सोडून काही नव्हतं.
म्हटलं, हो.
पलीकडे तो उतरला नाही, म्हणून मीही नाही.
त्याच फेरीने त्याला परत सोडलं
आणि पुन्हा एकदा चोडणला गेलो.
घरी भाकरी थंड झाली होती.
ते हसरं तोंड मी त्या रात्री काढून घेतलं.
काढलेलं कुणाला दिसत नाही.

शुक्रवारी क्लॅरिसा मोंतेरो म्हणाली,
मलाही फेरी धरायची आहे.
राहते सांताक्रूझला!
सोमवारी आम्ही पाच होतो,
टाकीपाशी उभं राहायला जागा उरली नाही.

“शिरोडकर मिसना सांगू या का?”
हे क्लॅरिसाने आधी त्यालाच विचारलं.
मला सुचलं नसतं.
त्याने दोन दिवस घेतले. मग आला,
दाराच्या कडेला उभा राहिला,
हवं तर निघून जाता येईल असा.

आदिश काही बदललेला नाही म्हणा.
बाकावर काहीबाही कोरत असतो.
परवा दोनदा विनोद केला,
दोनदा इकडेतिकडे बघितलं.

फेरीवरच्या खलाशाने काल विचारलं,
“काय रे पोरांनो, रोज जाता, रोज येता,
उतरत कसे नाही?”
कृष्णनाथ म्हणाला, मी सांगतो.
“प…”
फळी चिखलाला टेकली.
स्कूटर उतरल्या, स्कूटर चढल्या,
मासळीची टोपली घेऊन एक बाई चढली,
फळी पुन्हा वर गेली,
आणि आम्ही अजून ‘प’वर.
कुणी दप्तरात काही शोधत नव्हतं.