दोन कप्प्यांचं सिंक

फेब्रुवारी. विनिपेग. बाहेर उणे एकतीस.
दाराची घंटा गारठून अर्धीच वाजली
आणि आत आले अॅम्ब्रोस थीसेन,
चर्चमधले ऑर्गन सुरात लावण्यात हयात गेलेला माणूस,
भुवयांवर बर्फ.
"तुंबलंय," म्हणाले. एवढंच.

मी, लेसिया हाव्रिल्युक, बापामागं एकोणीस वर्षं
हे दुकान चालवते. खिळे, बिजागऱ्या, वॉशर, दोर.
काय तुंबलंय ते सांगायला लोक लाजतात, हे मला पाठ आहे.
म्हणून नजर दुसरीकडं ठेवून विचारते:
संडास, की सिंक?

"सिंक," म्हणाले, आणि उचलला नेमका
तोंडातून जीभ बाहेर काढलेला, काळा, जाडजूड.
तो नव्हे, म्हटलं. ती जीभ संडासाच्या घशात बसायला,
सपाट तळाला ती धरत नाही.
मग आवडला तो निळा, आकाशकंदिलासारखा घड्याघड्यांचा.
ताकद आहे त्याला, पण आडदांड. जुन्या पाइपांचे सांधे उसवतो.
तुम्हाला ही साधी वाटी. लाल रबर, लाकडी दांडा.
दाबून बघा, कानाच्या पाळीइतकी मऊ हवी.
कडक रबर हट्टी माणसासारखं,
पुरतं टेकतच नाही कुठं.

त्यांनी वाटी तळहातावर दाबली, ओढली. टॉक्.
"फा," म्हणाले. "जरा उतरलेला."

वाटी बुडेल एवढं पाणी असू द्या, मी सांगितलं.
तिरकी बुडवा, आतली हवा निघून जाऊ द्या.
हवा दबते, पाणी दबत नाही; जोर पाण्यानंच पोचतो.
काठाला बोटभर व्हॅसलीन.
आणि नुसतं ढकलू नका. ढकलणं कुणालाही येतं.
ओढा.

दोन दिवसांनी परत. बाही कोपरापर्यंत ओली,
तिच्यावर बर्फाची कड.
"शेजारून उडतं. छतापर्यंत."
कप्पे किती सिंकला?
"दोन."
मग दुसऱ्याचं तोंड आधी बंद करायला हवं.
ओला टॉवेल, त्यावर कुणाचा तरी अख्खा भार.
एकट्याचं काम नाही ते. घरी कोण असतं?

ते बियांच्या पाकिटावरची मुळ्याची माहिती वाचत राहिले.
मागची बाजूसुद्धा.
"भाऊ. कॉर्नेलियस.
सप्टेंबरपासून बोलत नाही आम्ही."
मी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं:
बदकाची चरबी. गरम गरम ओततो, सरळ सिंकमध्ये.
म्हणून वाटणी केली. डावा कप्पा त्याचा, उजवा माझा.

भांड्याला भांडं लागायचंच, असं काहीतरी
माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.
खाली पाइप एकच असतो, एवढं म्हटलं,
कारण तो एकच असतो.
आणि टॉवेल धरायला बोलावं लागत नाही.

शनिवारी आले तेव्हा दुकानात तीन गिऱ्हाइकं होती,
तरी सगळं सांगितलं.
कॉर्नेलियसनं दोन्ही हात टेकून टॉवेल दाबला,
खिडकीकडं बघत. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सिंकला.
दहा वेळा. बारा. दंड भरून आले. मी थांबलो
तर तो म्हणाला, "अजून."
मी म्हटलं, "धरलंयस?"
"धरलंय."
मग खालून आला तो आवाज,
ऑर्गनच्या सगळ्यात लांब नळीचा,
जो कानांना नाही, बरगड्यांना कळतो.
आम्ही दोघंही वाकून ऐकत राहिलो
पाणी उतरेपर्यंत.

आणि आता बोलता? मी विचारलं.
"कामापुरतं."
चरबी?
"ओततोच."

जाळीच्या दोन गाळण्या घेतल्या काउंटरवर,
एक उचलून परत खुंटीला लावली.
"एक पुरे. डाव्याला.
उजवा मी सांभाळतो."

घंटा वाजली. बाहेर गाडी चालूच होती,
आत टोपी घातलेलं कुणीतरी
काचेवरचा बर्फ आतून खरवडत होतं,
फक्त आपल्या बाजूचा.