त्विल म्हणजे

धरमपेठेत संध्याकाळच्या फ्रेंच वर्गाला
आम्ही सात जण, पंख्याखाली तिघंच मावायचे.
तारकुंडे मॅडमनी फळ्यावर लिहिलं: त्विल.
कुणी फरशी म्हणालं, कुणी वीट.
मी म्हणालो, कवेलू.
बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा
वर्गात माझं उत्तर बरोबर आलं.

पॅरिसात नदीकाठी, मॅडम सांगत होत्या,
कवेलूंच्या भट्ट्या होत्या.
एका विधवा राणीनं ती जागा घेऊन राजवाडा मांडला,
नाव मात्र भट्ट्यांचंच राहिलं: त्विलरी.
कुणा ज्योतिष्यानं तिथं मरण दाखवलं म्हणतात,
म्हणून ती नीट राहिलीसुद्धा नाही.

मला भट्टीवाले दिसले.
उठा म्हटल्यावर कच्चा माल कुठं नेला असेल त्यांनी?
अर्धं वाळलेलं कवेलू डोक्यावरून नेता येत नाही,
कमरेत मोडतं.
मी विचारलं.
मॅडम म्हणाल्या, क्रियापदाकडे लक्ष द्या.

पारडीला नाग नदीच्या अंगाला आमची भट्टी होती.
बाबा चाकावर नळा उचलायचे, तारेनं उभा चिरायचे,
एका नळ्याची दोन कवेलू.
भाजून निघालं की बोटाच्या पेरानं वाजवायचे:
"आयक, हे बोल्लं. हे मुकं हाय, फेक त्याले."
आमचं पोट वानरांवर होतं म्हणा ना.
ती घरांवरून धावायची,
आणि मृगाआधी लोक
शेकडा-दोन शेकडा न्यायला यायचे.

पुढच्या मंगळवारी राजाची पाळी.
भाकरीसाठी निघालेल्या बायकांनी त्याला
दूरच्या मोठ्या महालातून उचलून इथं आणलं.
दारं लागत नव्हती. धाकटा मुलगा म्हणाला,
सगळं किती कुरूप आहे इथं, आई.
तीन वर्षांनी पहारेकरी कापले गेले.
मग सम्राट, पुन्हा राजे, पुन्हा सम्राट,
जो आला त्यानं पडदे बदलले.
शेवटी बंडातल्या माणसांनी तेल ओतलं.
काळ्या भिंती बारा वर्षं उभ्या होत्या,
मग कंत्राटदार आला. संगमरवराचे तुकडे
लोकांनी टेबलावर कागद दाबायला नेले.

मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब करत होतो:
एवढ्या आगीत वरची कवेलू
दुसऱ्यांदा भाजली गेली असतील,
चांगली वाजत असतील.
मॅडमना सांगितलं.
त्या म्हणाल्या, छप्पर पाटीच्या दगडाचं होतं.
म्हणजे एकही नव्हतं वर.
तीनशे वर्षं नुसतं नाव.

आमच्याकडे आधी टिना आल्या, मग स्लॅब.
बाबा गेल्यावर मुरलीधरनं सह्या घेतल्या.
आता तिथं रॉयल पॅलेस, फेज दोन.
फाटकावर फायबरचे दोन घोडे,
डाव्याची शेपूट पोरांनी नेली.
माझ्या वाट्याला चारशे तीन.
बाल्कनीत एक कवेलू आहे,
दोन्ही तोंडं सिमेंटनं बुजवून
चिमण्यांचं पाणी ठेवतो.
आतल्या बाजूला बाबांचा अंगठा उठलाय,
पाणी भरलं की नीट दिसतो.

वर्ग सुटल्यावर ऑटो धरतो.
"पारडीले कुठं, काका?"
रॉयल पॅलेस.
तो आरसा सरळ करतो, विचार करतो.
"अच्छा, भट्टीवर.
तसं सांगा ना. दीडशे होतीन."