नमुना क्रमांक सात

यार्डामागचा नाला जिथे तापीला मिळतो
तिथे गुडघाभर गाळात उभी आहे.
पाइप दाबते, फिरवते, उपसते.
वरची चार बोटं तपकिरी,
खाली काजळ.
नाकाला लावायची गरज नाही.
हा वास आमच्या खुंटीवरचा,
बापाच्या निळ्या डांगरीचा.

छत्तीस वर्षं भुसावळच्या शेडमध्ये
इंजिनांच्या पोटाखाली त्याने नट आवळले.
जे ठिबकलं ते चिंधीने पुसलं,
उरलं ते पाण्याने लोटून दिलं.
"जाऊ दे, नदी मोठी हाये."
नदीने ते थराथरांत घडी घालून ठेवलं,
ठेवणीतलं लुगडं ठेवावं तसं.

पलीकडे सुपडू भोई जाळं झटकतो.
"काय सापडलं वं माय?"
खाणारे, म्हणते मी. तेल खातात.
"मंग माह्या जाळ्यात काहून येत नाही?"

जळगावच्या प्रयोगशाळेत बाटली हलत राहते,
झोळीसारखी, रात्रंदिवस.
पहिल्या आठवड्यात काहीच नाही.
तिसऱ्यात आकडा जरासा उतरतो.
सरळ साखळ्या आधी तुटतात,
कड्याकड्यांचे रेणू हट्टी,
पंगतीनंतर उरलेल्या बट्ट्यांसारखे.
आणि हवा लागते. खालच्या काजळात हवा नाही,
तिथे घास वर्षानुवर्षं तोंडातच.

या जिवांची लॅटिन नावं मला पाठ आहेत.
तरी वहीत एकदा, शाईने, लिहिलं:
उखर्डू.
बापाचं नाव. त्याच्या आधीची तीन गेली,
म्हणून सुईणीने त्याला जन्मताच
उकिरड्यावर ठेवलं, घटकाभर,
मरणाला वाटावं
हे तर टाकलेलंच, न्यायचं कशाला.

सरांनी ती ओळ खोडली. बरोबरच होतं.

काल रात्री सांगितलं,
बा, तुझ्या शेडचं तेल अजून आहे नदीत.
त्याचा हात ताटात थांबला.
"किती?"
आकडा सांगितला, किलोमागे मिलिग्रॅम.
मोठा की लहान, त्याला कळेना.
"आन् ते खाऊन ऱ्हायले?"
हो. हळू.
बोटांच्या चिरांतली काळी रेघ त्याने पाहिली,
निवृत्तीला अकरा वर्षं झाली तरी न गेलेली,
मग बट्टीचा तुकडा वरणात टाकून
तो भिजायची वाट पाहत बसला.